धुऱ्यावरची वाट

पुंडलिकराव तसे वाईट गृहस्थ नव्हते. पण लोंबीला आलेल्या, उशिरा पिकणाऱ्या भारी धानातून एखादा धडधाकट माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीसारखा चालत जायला लागला, तर कोणाचंही टाळकं सटकेल. तसं ते त्यांचंही सटकलं. मूठभर तुडवलेल्या लोंब्या घेऊन ते परसरामाच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि सगळ्या टोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "केशवराव, तुमच्या भावाच्या डोक्यात फरक पडला आहे. त्याले शहरातल्या पागलखान्यात नेऊन टाका. नाईतर मी पोलिसात जातो."

आतल्या खोलीत दाराआड उभी राहून रुखमा हे ऐकत होती. परसराम तिचा नवरा.

ही टोली, म्हणजे छोटी वस्ती, सिहोऱ्यापासून दोन कोसांवर. चहूकडं धानाच्या बांध्या, आणि दोन बांध्यांच्या मध्ये मातीचा अरुंद बांध, त्याला इकडं धुरा म्हणतात. पाणी अडवायलाही धुरा आणि माणसांनी चालायलाही धुराच. एसटीच्या फाट्यावर जायचं तर पुंडलिकरावांच्या बांधीच्या धुऱ्यावरून जायचं, ही वाट आजोबा-पणजोबांपासूनची. लेकरू चालायला शिकतं तेच धुऱ्यावर. आणि हा परसराम, पलटणीतून पेन्शनीत आलेला जवान गडी, त्या धुऱ्यावर पाय ठेवत नव्हता.

लढाई संपून दोन वर्षं होत आली होती. परसराम या उन्हाळ्यात पेन्शन घेऊन परत आला तो उजव्या कानानं बहिरा होऊन. बाकी हातपाय शाबूत. टोलीनं त्याला वाजतगाजत आणलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं करून हार घातला. मृगानंतर रोवण्याला, म्हणजे धान लावायला, तो बायकामाणसांच्याही पुढं. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून राहायचा, वर गाणी म्हणायचा. रुखमाला वाटलं, देव पावला. फक्त एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना तो धुऱ्यावरून उडी मारायचा, आडवा पडलेला साप ओलांडावा तशी. रुखमाला आधी हसू यायचं.

हसू गेलं ते आश्विनात. ती त्याची शिदोरी डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून येत होती. परसराम बांधीत होता. त्यानं मान वर केली आणि असा ओरडला, "खाली उतर! रुखमा, खाली उतर!" की टोपली तिच्या डोक्यावरून पडली आणि भात चिखलात गेला. तो धावत आला, तिला कमरेला धरून खाली ओढलं, आणि मग तिथंच चिखलात बसून थरथरत राहिला. तोंड पांढरंफटक. काय झालं म्हणून विचारलं तर उठून पुन्हा बांधीत गेला. त्या दिवसापासून नवरा शेतावर निघाला की तिची नजर त्याच्या पायावर.

रोवणा होता तोवर तो कुठून चालतो याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. धान लोंबीला आलं आणि त्याची वाट सगळ्यांना दिसायला लागली. पुंडलिकरावांच्या बांधीत सरळ आडवा पट्टा, धान झोपलेलं.

आणि पागलखाना म्हणजे काय, ते रुखमाला ठाऊक होतं. टोलीतल्या सोनाबाईला तिच्या सासरच्यांनी असंच एसटीत बसवून नेलं होतं. दवाखान्याचा दोष काय असेल तो असो, तिला परत आणायला कोणी गेलंच नाही. पहिल्या वर्षी लोक विचारत, दुसऱ्या वर्षी विचारायचे थांबले. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. आता सोनाबाई जिवंत आहे की नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं.

"पुंडलिकराव, थोडे दिवस थांबा," केशवराव हात जोडून म्हणाले. परसरामाचे हे थोरले भाऊ मँगनीजच्या खाणीत नोकरीला, त्यामुळं चार लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "सिहोऱ्याच्या मंडईत तंबूतला सिनेमा आला आहे. लढाईचाच आहे म्हणते. त्याले दाखवून आणू. डोयानं परत एकदा पाह्यलं का मनातली भीती निघून जाईन."

आता याला अक्कल म्हणायचं की भाबडेपणा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण पुंडलिकरावांना हे पटलं. कारण त्यांच्या मनात वेगळाच किडा होता. हा गडी खरंच लढला की नुसता कोठारात पोती मोजून आला, हे त्यांना पाहायचं होतं.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. सिहोऱ्यात दिवसा दंडारीचा खेळ झाला, पाळणे फिरले, आणि दिवे लागणीच्या वेळेला तंबूसमोर गर्दी उसळली. टोलीतून तीन बैलगाड्या आल्या होत्या. तंबूत मध्ये दोर बांधलेला, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. सगळे खाली रेतीवर. रुखमा मुद्दाम दोराला चिकटून बसली. पडदा कसा आहे, केवढा आहे, तिनं पाहिलंच नाही. दोराच्या पलीकडं, पाच-सहा माणसं सोडून, परसराम बसला होता. ती त्यालाच पाहत होती.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट तिला आठवत होती. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या लागायच्या. रुखमाला लढाई म्हणजे बर्फ एवढंच माहीत. लहानपणी एका सिनेमात तिनं पाहिलं होतं, पांढऱ्या डोंगरावर जवान थंडीनं काकडून मरतात. म्हणून ती रोज नवऱ्याच्या पायांची काळजी करायची. त्याचे पाय गारठले असतील, बोटं झडली असतील, याच भीतीनं तिला झोप लागत नसे. दिवसा धान कापायची आणि मनात बर्फ. तो नेमका कुठं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं कोणाला, हेही कळत नव्हतं.

पडद्यावर बर्फ नव्हता. वाळवंट होतं. रणगाडे धुरळा उडवत निघाले, बॉम्ब फुटले, बायकांनी कानावर हात ठेवले. रुखमानं श्वास रोखून परसरामाकडं पाहिलं. तो शेंगा खात होता. हिरोला छातीत गोळी लागली, तरी त्यानं भारतमातेला उद्देशून लांबलचक भाषण केलं, मग आणखी दहा-बारा शत्रू लोळवले. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस. परसरामानं शेंगेचं टरफल फुंकून टाकलं. रुखमा जरा सैलावून बसली.

मध्यंतरात सगळे बाहेर आले. पुंडलिकरावांनी परसरामाला चहा पाजला आणि चारचौघांत विचारलं, "काय रे, असंच होतं का तिकडं?"

"हे पश्चिमेकडचं आहे," परसराम म्हणाला. "तिकडं रेती. मी गेलोच नाई तिकडं. आमची पलटण पूर्वेले होती."

"पूर्वेले काय होतं? बर्फ?"

"धान."

"काय?"

"धान होतं. आपल्यासारख्याच बांध्या. बोड्या, तलाव, चिखल. अगदी आपल्यासारखंच."

पुंडलिकराव मोठ्यानं हसले. "धानाच्या बांधीत लढाई? मंग आपन सारे रोजच लढून राह्यलो ना रे! मले बी दे एक बिल्ला!"

आजूबाजूचे लोक खो खो हसले. केशवरावांनी मान खाली घातली. परसरामही हसला, पण रुखमानं पाहिलं, कपातला चहा हिंदकळून त्याच्या हातावर सांडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्याला गाडीत घालून घरी न्यावं. पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची सवय नव्हती. आणि घंटा वाजली.

मध्यंतरानंतर सिनेमातली लढाई पूर्वेला गेली. पडद्यावर धान आलं. वाऱ्यावर डोलणारं, पिकलेलं, मैलोगणती. बायकांच्या अंगाला कुजबुज झाली. "अवो माय, ह्या त आपल्याच बांध्या!" रुखमानं पहिल्यांदा मान वळवून पडद्याकडं पाहिलं. कुठल्या बर्फाला भीत होती ती? तो इथं होता. ती जे धान कापत होती, तसल्याच धानात.

वाद्यं वाजायला लागली. हातात झेंडा घेतलेला हिरो आणि त्याच्यामागं एका रांगेत सगळे जवान धावत निघाले. धुऱ्यावरून.

"धुऱ्यावरून नको!"

परसराम उभा राहिला होता. मागून येणारा उजेड त्याच्यावर पडला आणि त्याची ही मोठी सावली त्या धावणाऱ्या जवानांवर पडली. "खाली उतरा! अरे, खाली उतरा! पान्यात उतरा!"

"खाली बस बे!" मागून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या. कोणी शेंगांची टरफलं फेकली. तो दोन्ही हात हलवत पुढं पुढं जात राहिला, बसलेल्या माणसांना तुडवत, पडद्याकडं. "मंगरू! मंगरू, खाली उतर!" आता शिट्ट्या थांबल्या. त्या आवाजात काहीतरी होतं, ज्यानं तंबूतली लेकरं रडायला लागली. रुखमा दोराखालून पलीकडं घुसली. पडद्यावर ती सगळी रांग हसत, गात, धुऱ्याच्या त्या टोकाला सुखरूप पोचली आणि त्यांनी झेंडा रोवला. परसरामाचे हात खाली आले.

"सारेच्या सारे गेले," तो पुटपुटला. "कोनीच नाई मेला. कसे गेले?"

केशवरावांनी त्याला बाहेर आणलं आणि ते बैल जुंपायला गेले. गाडीच्या चाकाला टेकून तो खाली बसला. रुखमानं त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "अजी, मंगरू कोन?"

आणि दोन वर्षं जे आत होतं, ते बाहेर आलं.

मंगरू लाखांदूरकडचा. पलटणीत झाडीपट्टीतले हे दोघंच, म्हणून एका ताटात जेवायचे. तिकडं हुकूम होता की धुऱ्यावर चढायचं नाही. शत्रूनं जाता जाता धुऱ्यांमध्ये सुरुंग पुरून ठेवले होते, कारण माणूस चालणार ते धुऱ्यावरूनच. चालायचं ते बांधीतून, चिखलातून. पण बांधीत धान उभं होतं, पिकून पिवळं झालेलं. शहरातल्या पोरांना त्याचं काही नव्हतं, ती तुडवत गेली. मंगरू चार पावलं चालला आणि थांबला. 'दादा, माह्याच्यानं नाई होत,' तो म्हणाला. 'कोनाचं तरी पोट आहे हे. लोंबीवर पाय कसा ठेवू?' आणि जन्मभराच्या सवयीनं धुऱ्यावर चढला.

"मी त्याच्या मांगंच होतो," परसराम म्हणाला. "मी ओरडलो. माहा आवाज त्याले पोचलाच नाई. मंग मलेच काई ऐकू आलं नाई."

रुखमाला रडूही येईना. नुसती थंडी वाजायला लागली.

तंबूतल्या तमाशानंतर पुंडलिकरावांनी निकाल देऊन टाकला. उद्या सकाळची तुमसरकडची एसटी. या वेळी केशवरावांनीही हात जोडले नाहीत. त्यांनी फक्त उपरण्यानं डोळे पुसले.

सकाळी परसरामाची पलटणीतलीच पत्र्याची पेटी भरली. केशवरावांनी ती खांद्यावर घेतली. निम्मी टोली फाट्यापर्यंत पोचवायला निघाली. पोचवायला म्हणा, पाहायला म्हणा. गाडीरस्ता लांबून सिहोऱ्याला जातो, फाट्याला सरळ वाट धुऱ्याचीच. पुंडलिकरावांच्या बांधीशी येऊन सगळे थांबले. समोर धुरा. दवानं ओला, वर गवत, मध्ये पावलांनी घासून गुळगुळीत झालेली पट्टी. दोन्ही अंगांना उभं धान.

रुखमानं डोईवरचा पदर घट्ट केला आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिरासमोर, गावासमोर बोलली. "तिकडच्या धुऱ्यात बारूद पुरली होती. याहीच्या डोयासमोर याहीचा दोस्त गेला. म्हनून हे धुऱ्यावर जात नाई. हे पागल नोहेत."

पुंडलिकराव म्हणाले, आणि आवाज चढवला नाही, "बाई, मले मान्य. पन माह्या धुऱ्यात कोनी पुरली? हा धुरा माह्या आज्यानं घातला. माहे नातू यावरून खेळते."

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. 

"मी धुऱ्यावरून गेलो," परसराम एकदम म्हणाला, "तर न्यावं लागन का मले?"

"जा ना मंग," पुंडलिकराव म्हणाले. "आमच्या डोयासमोर त्या टोकाले जाऊन दाखव. मी सोता पेटी तुह्या घरी नेऊन देतो."

परसराम रुखमाजवळ आला. त्याचं अंग थंडीतही घामानं भिजलं होतं. हळूच म्हणाला, "मी पार होयेपर्यंत तू पाय ठेवू नको. कोनालेच ठेवू देऊ नको." आणि वळला.

रुखमा धुऱ्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. लोकांना वाटलं, बिचारीचंही बिघडलं. पण तिच्या अंगाला धक्का मारून पुढं जायची कोणाची छाती झाली नाही.

त्यानं पहिलं पाऊल टाकलं. आधी टाच नाही, बोटं टेकली, मग हळूहळू भार दिला. थांबला. दुसरं पाऊल. बांधीतून एक बगळा उडाला, तसा तो जागच्या जागी थिजला. आतापर्यंत रुखमाला माहीत होतं की हा साधा मातीचा धुरा आहे. पण त्याच्या पाठीकडं पाहता पाहता ते माहीत असणं कुठं गेलं, कळलं नाही. तिला गवताखाली काहीतरी दिसायला लागलं. तिथली माती उकरल्यासारखी नाही का वाटत? तिथं गवत सुकलं आहे, ते कशानं? त्याचा पाय त्या सुकलेल्या गवतावर गेला. रुखमानं डोळे मिटले. आवाज झाला नाही. डोळे उघडले तर तो पुढच्या पावलाशी होता, आणि पुन्हा तेच सगळं नव्यानं. मागं कोणी खोकललं तर तिच्या तोंडून किंकाळी निघणार होती, ती तिनं पदर चावून दाबली. मेला आता, मेला. वाचला. आता मेला.

तो त्या टोकाला पोचला.

मागं सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. "सुधरला! गडी सुधरला!" केशवरावांनी पेटी खाली टाकली आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. पुंडलिकराव मनापासून खूश झाले. सांगितलं ना, ते वाईट गृहस्थ नव्हतेच. शब्दाला जागून त्यांनी पेटी उचललीसुद्धा. पलीकडून परसराम हात हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं हसू होतं.

"ये आता, रुखमा! काई नाई! ये!"

रुखमानं पाय उचलला. धुऱ्याच्या वर धरला. तो खाली येईना. जिथं नवऱ्याचं पाऊल पडलं होतं, त्याच्या शेजारीच असेल तर? त्याच्या भारानं नाही फुटलं, माझ्या भारानं फुटलं तर? याच धुऱ्यावरून ती लग्न होऊन आल्यापासून हजारदा गेली होती, डोक्यावर ओझं घेऊन, झोपेत गेल्यासारखी. पाय हवेत लटलटायला लागला. बाकीच्या बायका तिच्या बाजूनं हसत-बोलत धुऱ्यावरून पुढं गेल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीसाठी तिनं डोळे मिटले.

मग तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि खाली उतरली. चिखलात. पुंडलिकरावांच्या उभ्या धानात. लोंब्या तिच्या पोटऱ्यांना घासत होत्या, पायाखाली धान मोडत होतं, त्याचा आवाज येत होता. तिला रडू कोसळलं. तीही शेतकऱ्याचीच लेक होती, ती काय तुडवते आहे हे तिला कळत होतं. 

पुंडलिकरावांचं तोंड उघडं राहिलं. ते काहीतरी बोलणार होते. पण पलीकडून परसराम परत येत होता, धुऱ्यावरून, आणि चालत नाही, धावत. तो तिच्यापाशी येऊन थांबला. तिला वर ये म्हणाला नाही. त्यानं वाकून फक्त हात खाली केला. तिनं तो धरला. तो वरून आणि ती खालून, दोघं धुऱ्याच्या त्या टोकापर्यंत गेले. पुंडलिकराव पेटी घेऊन तसेच उभे होते. त्यांनी तोंड मिटलं आणि परसरामाच्या घराची वाट धरली.

पुढच्या रोवण्याला पुंडलिकरावांनी त्या धुऱ्याच्या कडेनं हातभर जागा न रोवता सोडली. कोणी विचारलं तर म्हणायचे, लावायला पऱ्हे कमी पडले. त्याच्या पुढच्या वर्षीही कमी पडले, आणि त्याच्या पुढच्याही. आता परसराम टोलीतला शहाणा माणूस आहे, दोन सुना आल्या आहेत, ग्रामपंचायतीत टीव्ही आला आहे आणि त्यावर लढाईचा सिनेमा लागला की पोरं त्याला आवर्जून पुढं बसवतात. फाट्याला जाताना तो धुऱ्यावरून चालतो. रुखमा खालच्या त्या हातभर चिखलातून चालते, आणि वर त्याचं पाऊल पडलं की दर वेळी डोळे मिटते.